दिवाळीला द्यायची सायकल

बायकोच्या तेराव्याला आमच्या अलीगंजच्या घरापुढं सायकलींची रांग लागली. मला वाटलं शेजाऱ्यांकडं काही कार्यक्रम असंल. मग एकेक माणूस डोक्यावरचं हेल्मेट काढून आमच्याच दारातनं आत यायला लागला. बँकेतला एक मॅनेजर, कॉलेजच्या दोन पोरी, अमीनाबादचा दाढीवाला शिंपी, एक डॉक्टरीण. तिच्या फोटोपुढं हात जोडायचे आणि मला विचारायचे, "आप अम्मा के कौन?"

"घरवाला," मी म्हणायचो.

तेव्हा ते मला वरपासून खालपर्यंत बघायचे. माझ्याबद्दल पुष्कळ ऐकलेलं असावं आणि माल अंदाजापेक्षा हलका निघावा, तसं.

एक जण तर माझ्या घरात, माझ्या बायकोच्या फोटोपुढं, माझ्यापेक्षा जास्त रडला. निवृत्त शास्त्रज्ञ. इथल्या एका सरकारी संशोधन संस्थेत होता, मूळ पुण्याकडचा, पांढरीशुभ्र मिशी, गुडघ्यापर्यंतची चड्डी. तेराव्याला चड्डी. मी त्याला साहेब म्हणतो, कारण दुसरं काय म्हणावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. रडता रडता तो म्हणाला, "वहिनींसारखी माणसं नाहीत हो."

वहिनी. ह्याचा भाऊ मी कधी झालो?

आता सगळं नीट सांगतो. मी आटपाडीकडचा. चौथीपर्यंत शाळा झाली आणि मामानं लखनौला आणलं, गलाईच्या कामाला. सोनं-चांदी गाळायचं काम. आमच्याकडची माणसं हिंदुस्थानात जिथं जिथं सराफ आहे तिथं तिथं भट्टी लावून बसलेली आहेत, तसाच मी इथल्या चौक नावाच्या जुन्या पेठेत, सराफ्यात बसलो. लग्न करून बायको आणली. आधी चौकातच एका खोलीत, मग अलीगंजला घर घेतलं. मुलगा शिकला, हैदराबादला गेला, त्याची पोरं मला फोनवर हिंदीत बोलतात. मी सकाळी साडेआठला डबा घेऊन स्कूटरवरनं निघायचो आणि दिवेलागणीनंतर यायचो. अंगाला तेजाबाचा वास. जेवायचं, झोपायचं. पन्नास वर्षांत ह्या शहरातले चार रस्ते मला माहीत झाले. घर ते भट्टी, भट्टी ते सराफा, सराफा ते अमीनाबाद, आणि कधी मुलगा यायचा असला तर स्टेशन.

तिला अठ्ठावन्नाव्या वर्षी सायकल शिकायची लहर आली. घराजवळच्या बागेत सकाळी एक टोळकं जमायचं, त्यांनी नादी लावलं. मुलानं ऑनलाइन सायकल मागवून दिली, बायकांची, जांभळ्या रंगाची, पुढं टोपली. मी एकच म्हणालो होतो, "काय करायचं ते कर, फक्त चौकात येऊ नको. सराफ्यातले लोक म्हणतील, मराठ्याची म्हातारी सायकल हाणती." ती बरं म्हणाली. त्यावर पुढं मी काही विचारलं नाही, तिनं काही सांगितलं नाही. सकाळी मी उठायच्या आत जायची, डब्याच्या वेळेला घरात असायची. मला वाटायचं बागेला चार चकरा मारत असंल.

एका जूनमध्ये तिनं दशहरी आंबे आणले होते, पेटीतले नव्हेत, पानासकट, झाडावरनं आत्ता उतरवलेले. मी सात खाल्ले. तेराव्याला त्या डॉक्टरणीनं सांगितलं, सगळी टोळी मलिहाबादच्या आमराईत गेली होती, अम्मानं जाताना सगळ्यांना मागं टाकलं आणि येताना घाई म्हणून सायकल टेम्पोत घालून आली. मी मलिहाबादला कधी गेलेलो नाही. पन्नास वर्षं तिथलेच आंबे खातोय.

भाद्रपदात तिच्या मेंदूत रक्त साकळलं. दोन दिवसांत संपलं सगळं.

तेरावा झाला, मुलगा गेला. घरात मी आणि जिन्याखाली उभी केलेली जांभळी सायकल. मी भट्टीवर जायला लागलो तर रस्त्यात सायकलवाले दिसायचे. आधीही दिसत असतील, पण आता दिसायला लागले. म्हातारा-म्हातारी जोडीनं सायकल चालवताना बघितली की मी जळायचो. असं वाटायचं, जाऊन त्यांच्या चाकातली हवा सोडावी. सोडली नाही. वाटायचं एवढंच खरं.

महिन्याभरानं साहेब घरी आला. बरोबर एक बाई होती. पस्तिशीची, काटक, साडीचा पदर कमरेला घट्ट. कुकरैल नाल्याकडच्या वस्तीत राहते, अलीगंजात पाच घरी स्वयंपाक करते. एका घरातनं दुसऱ्या घरी पायी.

साहेब जरा खाकरला. "बोलायचं कसं कळत नाही. वहिनींनी ह्यांना सायकल शिकवली. दिवाळीला त्या स्वतःला गिअरची नवी घेणार होत्या, आणि ही जांभळी ह्यांना देणार होत्या. दिवाळी आली म्हणून आलो."

नवी सायकल. गिअरची. मला ह्यातलं एक अक्षर माहीत नव्हतं.

"मला काही बोलली नाही ती," मी म्हणालो.

बाई म्हणाली, "हमसे बोली थीं."

"तुमसे बोली होंगी. हमने नहीं सुना."

ह्यात मी काही वाकडं बोललो असं मला तेव्हा वाटलं नाही. आमच्या धंद्यात कागद नसतो. सराफ दुकान झाडलेला केर, जुनी पायपुसणी, हात धुतलेल्या पाण्याचा गाळ, सगळं गाठोडं बांधून आमच्या हातात देतो. आम्ही ते जाळतो, तेजाबात घालतो, गाळतो, आणि निघालेलं सोनं त्याला नेऊन देतो. कचऱ्यातनं किती निघालं ते आमच्या डोळ्यांशिवाय कुणी बघितलेलं नसतं. म्हणून शब्दाला मोल. पण शब्द समोरासमोरचा. नोकर आला, पुतण्या आला, "सेठजी ने बोला है, दे दो" म्हणाला, तर आम्ही देत नाही. सेठजींना पाठव म्हणतो. मामानं मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं, आणि ह्या एका गोष्टीवर माझी भट्टी चालली.

तेच मी त्या दोघांना सांगितलं. तिसऱ्याच्या तोंडचा शब्द आमच्यात चालत नाही.

बाई साहेबाकडं बघून म्हणाली, "तो अब अम्मा को कहाँ से लाएँ?" आणि जिना उतरून गेली. जाताना सायकलीकडं बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं होतं रडंल, हातापाया पडंल. तसं काही झालं नाही, आणि त्याचाही मला राग आला.

खरं सांगायचं तर माझ्या मनात धंद्याचा नियम नव्हता. नियम नंतर आठवला. मनात हे होतं की हिला तिनं शिकवलं. रोज सकाळी सीट धरून हिच्या मागं धावली. माझ्या बायकोनं मला काय शिकवलं? काही नाही. मी शिकून घेतलंच नसतं, ती वेगळी गोष्ट.

साहेब थांबला होता. "तुम्हाला साक्षी हवेत ना? त्या चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर बोलल्या होत्या. उद्या सकाळी चला. रोजच्या रस्त्यानं जाऊ, विचारून घ्या."

"चला," मी म्हणालो. साक्षी खोटे निघतील अशी माझी खात्री नव्हती. मला तो रोजचा रस्ता बघायचा होता.

सायकल मला येते. तरुणपणी केराची गाठोडी मी सायकलवरनंच गोळा करायचो, चौकाच्या गल्ल्यांतनं, मागं कॅरिअरला पोतं. पण त्याला पस्तीस वर्षं झाली. पहाटे जांभळी सायकल बाहेर काढली. बायको माझ्यापेक्षा वीतभर बुटकी, त्यामुळं सीट खाली होती, आणि माझे गुडघे हँडलला लागायला लागले.

"सीट वर करून देतो, पाना आहे माझ्याकडे," साहेब म्हणाला.

"राहू द्या."

"अहो, गुडघे जातील."

"माझे जातील ना? जाऊ द्या."

तिच्या बसण्याचं माप होतं ते. त्याच्या हातानं ते बदलू देणार नव्हतो.

निघालो. बागेच्या कोपऱ्यावरनं सरकारनं केलेला सायकलचा रस्ता सुरू होतो. मोठ्या रस्त्याच्या कडेनं लाल रंगाचा पट्टा, मध्ये उंच कठडा, वर सायकलीचं चित्र. एवढी वर्षं स्कूटरवरनं त्याच्या शेजारनं गेलो, तो कशासाठी आहे ह्याचा विचार केला नाही. पट्ट्यात शिरायच्या तोंडाला लोखंडी खांब रोवलेत, मोटरसायकली येऊ नयेत म्हणून. मोटरसायकली येतात. अडकते ती टोपलीवाली सायकल. उतरायचं, हँडल तिरकं करायचं, पुढचं चाक आधी घालायचं. साहेब सटकन गेला. मी दोनदा अडकलो.

"वहिनी डावीकडून घ्यायच्या," तो पलीकडून म्हणाला.

मी मुद्दाम उजवीकडनं घेतलं. टोपली चेपली.

आत शिरल्यावर पन्नास पावलं रस्ता मोकळा. मग एक गाडी उभी, कव्हर घालून झाकलेली, म्हणजे मालकानं कायमची ठेवलेली. तिला वळसा घालायला मोठ्या रस्त्यावर उतरायचं, परत चढायचं. मग छोले-कुल्च्याचा ठेला. मग विजेचा खांब, बरोबर मधोमध. मग वाळूचा ढीग, त्यावर झोपलेलं कुत्रं. कुत्र्यानं जांभळी सायकल बघितली आणि उठून शेपूट हलवत आलं. टोपलीत तोंड घातलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि परत जाऊन झोपलं.

"बिस्किट असायचं त्यात," साहेब म्हणाला.

घरी मला चहाबरोबर दोन मोजून बिस्किटं मिळायची. साखर आहे मला, म्हणून.

हा रस्ता ज्यानं केला त्यानं आयुष्यात सायकल चालवलेली नसणार, हे मला अर्ध्या तासात कळलं. चौरस्ता आला की लाल पट्टा संपतो. नुसता संपतो. पुढं ऑटो, बॅटरीची रिक्षा, बस, सगळे एकावर एक, आणि पलीकडं लाल पट्टा परत सुरू झालेला दिसतो, नदीच्या पैलतीरासारखा. मध्ये काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. साहेब हात दाखवत आरामात पार झाला. मी उतरून, सायकल हातात धरून, शिव्या खात गेलो. एक रिक्षावाला म्हणाला, "चाचा, लेडीज़ साइकिल है तो लेडीज़ की तरह निकलो, वो अम्मा तो चलाते हुए निकल जाती थीं."

तोसुद्धा.

विद्यापीठाच्या रस्त्यानं गेलो. हनुमान सेतूच्या अलीकडं नदीकडं उतरायला एक वाट आहे. तिथं कठड्याची पायरी वीतभर उंच होती, असं साहेब म्हणाला. आता नाही. आता तिथं सिमेंटचा एक छोटा उतार होता, वाकडा, थापटून केलेला. त्यावरनं सायकल अलगद खाली जाते.

"नगर निगममध्ये तीनदा अर्ज दिले आम्ही," साहेब म्हणाला. "मी ड्रॉइंग काढून दिलं होतं. काही झालं नाही. मग एक दिवस वहिनी टोपलीतून सिमेंट घेऊन आल्या, थोडं थोडं करून चार सकाळी. तिथल्या पानवाल्यानं पाणी दिलं. आणि हे करून टाकलं."

"सिमेंट कुठलं?"

"घरी उरलं होतं म्हणाल्या. बाल्कनी दुरुस्त केलीत ना तुम्ही?"

केली होती. अर्धं पोतं सिमेंट उरलं होतं आणि ते गायब झालं होतं. त्यापायी मी गवंड्याला चोर म्हटलं, त्याच्या बापाचा उद्धार केला, शेवटची हजेरी कापून पाठवला. ती तेव्हा दारातच उभी होती. म्हणाली, "जाऊ द्या हो, अर्ध्या पोत्याचं काय घिऊन बसलाय." मला वाटलं गवंड्याची दया आली असंल.

मी त्या उतारावर थांबलो. बुटानं दाबून बघितला. पक्का होता. सिमेंट माझं, आणि त्याच्यावरनं सगळं लखनौ जातंय, आणि मला ठाऊक नाही. आणि हा चड्डीवाला तिथं उभा होता, तिनं थापटलं तेव्हा.

नदीकाठचा रस्ता मात्र चांगला आहे, मान्य करायला पाहिजे. रुंद, सपाट, गाड्या नाहीत. गोमतीला वास येतो, पण सकाळी कमी येतो. साहेब माझ्या शेजारी येऊन चालवायला लागला. त्याच्या सायकलचा आवाजच येत नव्हता. माझी कुरकुरत होती, की माझे गुडघे कुरकुरत होते.

निशातगंज पुलाखाली टपरी. टोळी आधीच पोचलेली. चहावाला साठीचा, कानात बाळी. त्यानं सायकल बघितली, मग मला.

साहेब म्हणाला, "ये भाई साहब हैं, अम्मा के..."

"पहचान गए," चहावाला म्हणाला. "आप वही हैं न, जो नमक कम हो तो बोलते नहीं, बस थाली आगे खिसका देते हैं?"

कॉलेजची एक पोरगी फिस्सकन हसली आणि तोंड फिरवलं.

माझ्या घरातली थाळी निशातगंजच्या पुलाखाली पोचली होती. मी म्हणालो, "और क्या बोलती थी?"

"बोलती कम थीं, नक़ल ज़्यादा करती थीं आपकी. आप कैसे चश्मा ढूँढते हैं, चश्मा माथे पर। हम लोग हँस-हँस के दोहरे हो जाते थे। ख़ुद सबसे ज़्यादा हँसती थीं."

हसायची. माझ्या घरात ती हसायची का? हसायची. पण मुरकुंडी वळेस्तोवर हसली असं मला एकदाही आठवत नाही. ते हसू ह्या माणसानं रोज बघितलं, दहा रुपयांच्या चहाबरोबर.

मी मुद्द्यावर आलो. सायकल कुणाला द्यायची म्हणाली होती?

"खाना बनाने वाली को," चहावाला म्हणाला. "यहीं, इसी बेंच पर. दिवाली पे." मॅनेजरनं मान हलवली. डॉक्टरीण म्हणाली, हो, तिच्यासमोर. शिंप्यानं कानाला हात लावून शपथ घेतली.

चार साक्षी. तरी मी म्हणालो, "यही साइकिल बोली थी? कि कोई भी साइकिल?"

साहेब हसायला लागला. "अहो, सोनं आहे का हे, किती कस लावाल."

त्याचं ते हसणं मला सहन झालं नाही. मी त्याला बाजूला, पुलाच्या खांबाकडं घेऊन गेलो. तिथं मराठीत विचारलं, म्हणजे दुसऱ्या कुणाला कळू नये. "एक सांगा. तुमचं आणि तिचं काय होतं?"

त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. मला वाटलं आता मारतोय.

"काय होतं म्हणजे? सायकल होती. आणि मराठी होतं. माझी बायको इथेच वाढलेली, तिला मराठी कळतं, बोलत नाही. मुलं नाहीतच इथे. वहिनी बोलायच्या, 'आवो सायब, जरा दमानं घ्या की, पळतंय व्हय लखनौ?' ते ऐकायला मी यायचो. झालं समाधान?"

नाही झालं. ती माझ्याशी असंच बोलायची आणि मी तिला हिंदीत "हाँ हाँ" म्हणायचो, दिवसभराची जिभेला सवय. तिचं बोलणं कुणाला ऐकावंसं वाटत असंल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

साहेब पुढं बोलत राहिला, आता जरा चिडून. "आणि विचारताच आहात तर ऐका. मला तुमचा राग यायचा. इथून आम्ही सगळे पुढे जायचो, काठाकाठानं गोमतीनगरपर्यंत. रस्त्याचा खरा चांगला भाग तिथे आहे. त्या एकदाही आल्या नाहीत. चार वर्षांत एकदाही. सव्वासात वाजले की इथून परत. 'त्यांचा डबा हाय.' मी म्हटलं, एक दिवस बाहेर खातील. तर म्हणाल्या, 'खातील की. पर आल्यावर सांगनार न्हाईत, काय खाल्लं ते.' गिअरची सायकल कशाला हवी होती त्यांना? तेवढंच. लवकर जाऊन डब्याच्या आत परत येता येईल म्हणून. मी दुकानात बरोबर गेलो होतो. त्यांनी दुकानदाराला गिअर किती हे विचारलंच नाही. गोमतीनगर किती मिनिटांत, हे विचारलं."

माझ्या डब्यात रोज तीन पोळ्या, भाजी आणि चटणी असायची. भाजी कुठली होती ते संध्याकाळी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

उशीर झाला म्हणून टोळी त्या दिवशी तिथनंच घराकडं वळली. मी वळलो नाही. साहेब म्हणाला, मी येतो बरोबर. मी म्हणालो, तुम्ही बघितलंय ना? मग नका येऊ.

तिथनं पुढं एकटा गेलो. आता सांगायला लाज वाटत नाही, मला त्यात बरं वाटत होतं. हा तुकडा तिनं बघितलेला नव्हता. इथं कुणी मला तिची गोष्ट सांगणार नव्हतं, कुठला रिक्षावाला, कुठलं कुत्रं तिची आठवण काढणार नव्हतं. इथं मी तिच्या पुढं होतो. रस्ता खरंच चांगला. दोन्हीकडं झाडं, पाणी रुंद, बसायला बाकडी. सायकलचा पट्टा अखंड, मध्ये खांब नाही, गाडी नाही. पोरं रेस लावत होती. एक म्हातारा-म्हातारी चालले होते जोडीनं, तिची ओढणी चाकात जाऊ नये म्हणून तो मागनं बघत होता. त्यांच्यावर जळायचं तेवढं जळून घेतलं.

शेवटाला गेलो तर एक नारळवाला होता. त्यानं जांभळी सायकल बघितली, टोपली बघितली, आणि काही म्हणाला नाही. माझ्याकडं बघून विचारलं, "पानी वाला दूँ कि मलाई वाला?"

मी तिथं उभा राहिलो. त्याला तिची काही माहिती नव्हती. तिथं कुणालाच नव्हती. मलाईवाला नारळ घेतला, त्यातली मलाई खाल्ली, आणि मला त्या जागेचा वैताग यायला लागला. चांगली जागा होती. तिथं माझी बायको कुठंच नव्हती. मागं त्या खड्ड्याखांबांच्या रस्त्यावर पावलापावलाला होती, दुसऱ्यांकडं होती, पण होती.

परत यायला दीड तास लागला. गुडघे सुजले. त्या दिवशी भट्टी लावली नाही.

दुसऱ्या दिवशी मी साहेबाच्या घरी गेलो. ती बाई त्याच्याकडंही स्वयंपाक करते, तेव्हा तिथं कणीक मळत होती. मी म्हणालो, संध्याकाळी ये, सायकल घेऊन जा. साहेबाच्या हातनं पाठवणार नाही. माझ्या हातनं तुझ्या हातात देणार, आमची रीत आहे.

कणकेचे हात तसेच वर धरून ती म्हणाली, "अम्मा कहती थीं ऐसा ही होगा."

"कैसा?"

"कि कभी कुछ लेना पड़ा न इनसे, तो देंगे. मना नहीं करेंगे. मगर पहले चार लोगों से पूछेंगे."

साहेब पेपर वाचत होता. त्यानं पेपर जरा वर धरला, तोंडापुढं.

हेही हिला सांगितलं होतं. मला नाही.

संध्याकाळी ती आली. मी सायकल पुसून ठेवली होती, चेनला तेल दिलं होतं, चेपलेली टोपली सरळ केली होती. हँडल तिच्या हातात दिलं. तिनं सायकलीला हात लावून कपाळाला लावला, जसा आमच्याकडं भट्टीला लावतात. मी विचारलं, तू गेलीस का कधी तिथं, पुलाच्या पुढं, गोमतीनगरच्या टोकाला? चांगला रस्ता आहे तिथं.

"पाँच घर हैं बाबूजी," ती म्हणाली. "टाइम कहाँ है."

तिचंही बरोबर होतं. पाच घरं, पाच डबे, आणि एकालाही भाजी कुठली होती ते आठवणार नाही.

तिनं पदर कमरेला खोचला, एक पाय पेडलवर ठेवला, दुसऱ्यानं जमिनीला दोनदा रेटा दिला आणि बसली. गल्लीच्या तोंडाशी एक स्कूटर आडवी आली. ती उतरली नाही. डावीकडं झुकली, घंटी वाजवली, आणि गेली. मी फाटकात उभा राहून दिसेपर्यंत बघितलं. हिला तिनं शिकवलंय, म्हणजे ही चालवते तशीच ती चालवत असणार, पाठ अशीच ताठ, मान अशीच. पण मला ते पडताळता येईना. मी तिला सायकलवर कधी बघितलंच नव्हतं.